केन विल्यम्सने काय विकलं आणि काय हातात ठेवलं

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे घोळ नको. तुम्ही नवरा-बायको कोल्हापुरात घरूनच गेम बनवता. गोष्ट आणि चित्रं ताईंची, कोड तुमचा. पहिल्या गेमवर घर बऱ्यापैकी चाललंय. आता एक मोठा पब्लिशर तुमचा अख्खा स्टुडिओच विकत मागतोय. थोडे पैसे रोख देणार आणि उरलेल्याचे त्याच्या कंपनीचे शेअर. त्याच सुमारास तुम्ही अमेरिकेतली 'सिएरा' ही गेम कंपनी उभी करणाऱ्या केन आणि रोबर्टा विल्यम्सबद्दल वाचलंत. स्वयंपाकघरातल्या टेबलावर सुरुवात केलेल्या जोडप्याने शेवटी अब्ज डॉलरला कंपनी विकली! आणि तुम्ही विचारताय, 'सर, त्यांनी बरोबर केलं का? आम्ही तोच रस्ता धरावा का?'

पहिली गोष्ट, त्या अब्ज डॉलरचे चेक कुणी फाडले नव्हते. तो सगळा शेअरचा व्यवहार होता आणि तुमच्या प्रश्नाची मेख तिथंच आहे. पण तिथवर पोचायला केनची कारकीर्द सुरुवातीपासून बघावी लागेल, कारण त्याने केलेले चांगले सौदे आणि फसलेले सौदे यांत एक धागा आहे. ज्या ज्या वेळी खेळ बनवायचं साधन आणि तो खेळ गिऱ्हाइकाकडे पोचवायची वाट त्याच्या हातात होती, त्या त्या वेळी तो तरला. दुसऱ्याच्या मालावर, दुसऱ्याच्या मशीनवर, दुसऱ्याच्या शेअरवर विसंबला तेव्हा मार खाल्ला. मी सव्वीस वर्षं या धंद्यात आहे, आधी कोड लिहीत, नंतर करार वाचत. त्यामुळे मला ही कारकीर्द अशीच दिसते. केन-रोबर्टांबद्दल एकेरीत लिहितोय, राग नसावा. इतकी वर्षं त्यांच्याबद्दल वाचून दोघं घरचीच वाटतात.

केनचा जन्म १९५४चा, रोबर्टा त्याच्याहून पावणेदोन वर्षांनी मोठी. १९७२ मध्ये लग्न झालं तेव्हा तो अठराचा होता. कॉलेज अर्धवट सोडून त्याने कंट्रोल डेटाच्या संस्थेत प्रोग्रॅमिंगचा कोर्स केला आणि लॉस एंजेलिसच्या परिसरात मेनफ्रेम म्हणजे कंपन्यांच्या मोठ्या संगणकांवर काम करत नोकऱ्या बदलत राहिला. प्रत्येक उडीला पगार थोडा वाढायचा. पदरात दोन लहान मुलं होती. खेळांचं त्याला फारसं वेड नव्हतं. ॲपल टू या घरगुती संगणकासाठी फोरट्रान या प्रोग्रॅमिंग भाषेचा कंपायलर लिहायचा आणि प्रोग्रॅमर लोकांना विकायचा, असा त्याचा बेत होता. 'ऑन-लाइन सिस्टिम्स' हे कंपनीचं पहिलं नाव त्या बेताचं आहे. खेळाच्या कंपनीला असं नाव कोण ठेवील?

खेळ आला तो रोबर्टामुळे. १९७९ च्या सुमारास केन घरी टर्मिनल जोडून दूरच्या मेनफ्रेमवर काम करायचा. त्या मशीनवर त्याला विल क्राउदर आणि डॉन वुड्स यांचा 'कोलॉसल केव्ह' सापडला. नुसत्या मजकुराचा खेळ, गुहेत उतरा, खजिना शोधा. केनने थोडा वेळ खेळून सोडून दिला. रोबर्टा मात्र दिवसरात्र त्यात बुडाली. तो संपल्यावर तसंच अजून काही शोधायला गेली तर हाताला फार काही लागेना. मग तिने स्वतःच कागदावर एका बंगल्याचा नकाशा काढला. एकेक पाहुणा मरतो आणि खुनी त्यांच्यातच आहे, अशी गोष्ट. तीन-चार आठवड्यांत आराखडा तयार. केनला तो कसाबसा बसवून ऐकवला. केन म्हणाला, ठीक आहे, पण यात नवीन काय? तेव्हा ठरलं की चित्रं घालायची.

पुढचा भाग तुम्ही कोडवाले आहात म्हणून जरा सविस्तर सांगतो. ॲपल टूचा हाय-रेझोल्यूशन पडदा २८० बाय १९२ ठिपक्यांचा. एक पडदा मेमरीत ८ किलोबाइट खातो. रोबर्टाला खोल्यांची वगैरे मिळून सत्तर चित्रं हवी होती. म्हणजे ५६० किलोबाइट, आणि त्या काळच्या एका फ्लॉपीच्या एका बाजूवर जेमतेम ११३ किलोबाइट मावायचे. केनने चित्र साठवलंच नाही, चित्र काढायच्या सूचना साठवल्या. आपल्याकडे ठिपक्यांची रांगोळी शिकवताना अख्खी रांगोळी कुणी पाठ करत नाही, या ठिपक्यापासून त्या ठिपक्यापर्यंत रेघ ओढ असं सांगतात. अगदी तेच. रेषेची दोन टोकं तेवढी साठवायची, खेळताना मशीन चित्र पुन्हा रेखाटणार. रोबर्टाची चित्रं संगणकात उतरवायला त्यांनी व्हर्सारायटर नावाचं उपकरण घेतलं होतं. त्याला सांध्यांचा एक हात असायचा आणि कागदावरचं चित्र गिरवलं की टोकांचे आकडे आत जायचे. चित्रं ओबडधोबड होती, माणसं तर काडेपेटीतल्या काड्यांसारखी. पण घरच्या संगणकावर चित्रांसकट साहसकथा तोवर कुणी खेळली नव्हती.

'मिस्टरी हाउस' मे १९८० मध्ये बाजारात आला, किंमत २४ डॉलर ९५ सेंट. फ्लॉपी आणि झेरॉक्स केलेला कागद झिपलॉकच्या पिशवीत घालायचा, एवढंच पॅकिंग. एका मासिकात छोटीशी जाहिरात. पिशवीतल्या कागदावर घरचाच फोन नंबर, त्यामुळे अडलेले खेळाडू रात्री-अपरात्री फोन करायचे आणि रोबर्टा पोरांना सांभाळत 'पोटमाळ्यावर बघितलंत का' असं सांगायची. पहिल्याच महिन्यात सुमारे ११ हजार डॉलर जमले. केनची चांगल्या पगाराची नोकरीही त्यापुढे फिकी पडली. त्याच वर्षी रंगीत चित्रांचा 'विझर्ड अँड द प्रिन्सेस' आला आणि त्याची विक्री कितीतरी पुढे गेली.

एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही, पण मला फार बोलकी वाटते. सुरुवातीला केन गाडी भरून लॉस एंजेलिसच्या संगणक दुकानांतून फिरायचा, आणि आपल्या खेळांबरोबर इतरांचेही प्रोग्रॅम पोचवायला लागला. म्हणजे घाऊक वितरणच. पण त्याला त्यात रस नव्हता. तो धंदा त्याने बॉब लेफ नावाच्या माणसाला किरकोळ रकमेला देऊन टाकला. लेफने त्यातून सॉफ्टसेल उभी केली आणि ती पुढे अमेरिकेतली बलाढ्य सॉफ्टवेअर वितरक झाली. मी ही गोष्ट माझ्या भागीदाराला सांगितली तेव्हा तो म्हणाला, 'अरे, गाय विकली आणि शेण ठेवलं.' मला तसं वाटत नाही. पण हातात नकळत काय आलंय हे केनला दर वेळी कळायचंच असं नाही, एवढं खरं.

मग ते शहर सोडून डोंगरात गेले, योसेमिटीच्या वाटेवरच्या कोर्सगोल्ड आणि ओकहर्स्टला. रोबर्टाचे आईवडील तिथं होते. सिएरा नेवाडाच्या पायथ्याची कंपनी म्हणून १९८२ मध्ये नाव 'सिएरा ऑन-लाइन' झालं. हा काळ झिंगलेला होता. विशीतली पोरं प्रोग्रॅम लिहायची आणि विक्रीच्या तीस टक्क्यांपर्यंत रॉयल्टी घ्यायची. आज तुम्हाला कुणी एवढे देऊ केले तर आधी करार नीट वाचा, नंतर आनंदाने उडी मारा. त्याच दरम्यान अटारी या बड्या गेम कंपनीने केनवर दावा लावला, की तुमचा 'जॉब्रेकर' आमच्या 'पॅक-मॅन'ची नक्कल आहे. न्यायाधीशांनी तात्पुरता मनाई हुकूम दिला नाही, केन सुटला. रिचर्ड गॅरियटचा 'अल्टिमा टू' त्यानेच छापला, कापडी नकाशासकट. आणि १९८२ मध्येच बाहेरच्या गुंतवणूकदारांचा पैसा आला.

आता पहिला मोठा मार. गुंतवणूकदार आणि बाजार दोघांचं एकच म्हणणं, भविष्य काडतुसांचं, म्हणजे कार्ट्रिजचं आहे. केनने व्हिक-२० वगैरे स्वस्त मशीनसाठी कार्ट्रिज काढायला घेतले, त्यावर नावाजलेल्या पात्रांचे परवानेही घेतले. फ्लॉपी आणि कार्ट्रिजमधला फरक नुसता तांत्रिक नाही, तो खेळत्या भांडवलाचा आहे. फ्लॉपी रिकामी घ्यायची, ऑर्डर आली की कॉपी करायची. नाही खपली तर पुसून दुसरा खेळ भरायचा. कार्ट्रिजमधली चिप मात्र कारखान्यातच खेळासकट तयार होते. महिनोन् महिने आधी संख्या सांगायची, पैसे गुंतवायचे. १९८३ मध्ये घरगुती संगणकांचं किमतीचं युद्ध पेटलं. व्हिक-२० शंभर डॉलरच्या खाली आला, आणि ज्यांना खरंच संगणक हवा होता ते कमोडोर ६४ कडे वळले. व्हिडिओ गेमचा बाजारही त्याच वर्षी कोसळला. दुकानदार माल उचलेनात, आधीचा परत पाठवू लागले. सिएराच्या गोदामात कार्ट्रिज पडून राहिले, दिवाळी सरल्यावर उरलेल्या आकाशकंदिलांसारखे. कंपनी बुडायच्या बेतात आली. केनला बहुतेक माणसं घरी पाठवावी लागली.

त्यातून बाहेर कसं पडला? आयबीएम घरगुती संगणक आणत होती, पीसीज्युनियर. त्याच्या सोळा रंगांचं आणि आवाजाचं कौतुक दाखवणारा एक खेळ त्यांना हवा होता. रोबर्टाने परीकथेतला सरदार आणि हरवलेले खजिने अशी गोष्ट बांधली. 'किंग्ज क्वेस्ट', १९८४. खर्चाचा मोठा वाटा आयबीएमने उचलला. पीसीज्युनियर पार आपटला आणि मार्च १९८५ मध्ये आयबीएमने उत्पादनच थांबवलं. म्हणजे इथंही दुसऱ्याच्या मशीनवर विसंबून केन दुसऱ्यांदा बुडायचा. तो बुडाला नाही याची दोन कारणं. एक, खेळ इतर मशीनवर काढायचा मार्ग सिएराकडे मोकळा होता, आणि १९८४ च्या अखेरीस टँडीने पीसीज्युनियरसारखेच रंग आणि आवाज असलेला टँडी १००० काढला. तो धो धो खपला आणि त्याच्याबरोबर 'किंग्ज क्वेस्ट'ही.

दुसरं कारण, आयबीएमच्या पैशातून सिएराने खेळाबरोबर एक साधनही घडवलं. त्याचं नाव पुढे एजीआय पडलं, ॲडव्हेंचर गेम इंटरप्रिटर. खेळाचं तर्कशास्त्र एका साध्या भाषेत लिहायचं, चित्रं पुन्हा तीच रांगोळीची युक्ती वापरून रेघा आणि रंग भरायच्या सूचनांत साठवायची, आणि हे सगळं वाचून चालवणारा छोटा प्रोग्रॅम प्रत्येक मशीनसाठी एकदाच लिहायचा. 'किंग्ज क्वेस्ट'मध्ये सरदार ग्रॅहम झाडाच्या मागून चालत जातो आणि पुढून येतो, हे तेव्हा जादूसारखं वाटलं. युक्ती अशी की पडद्यावर दिसणाऱ्या चित्राच्या मागे दुसरं न दिसणारं चित्र असतं, त्यात प्रत्येक जागेची खोली लिहिलेली असते. ग्रॅहमचे पाय पडद्यावर जितके खाली तितका तो आपल्या जवळ. झाडाची खोली त्याच्याहून जवळची असेल तर झाड त्याला झाकणार. आज तुमच्या युनिटी या गेम इंजिनमध्ये 'सॉर्टिंग ऑर्डर' म्हणून जे करता त्याचा हा पणजोबा.

केनची खरी कमाई म्हणजे एजीआय. रोबर्टाची गोष्ट मोलाची होतीच, पण एजीआयमुळे सिएराला दर खेळासाठी पट्टीचा प्रोग्रॅमर लागेनासा झाला. डोंगरातल्या गावात पट्टीचे प्रोग्रॅमर मिळणार तरी कुठून? ॲल लोव हा शाळेत संगीत शिकवणारा मास्तर. जिम वॉल्स हा कॅलिफोर्नियाच्या महामार्ग पोलिसातला निवृत्त माणूस, त्याने 'पोलीस क्वेस्ट' केला. स्कॉट मर्फी पूर्वी हॉटेलात स्वयंपाकी होता, त्याने मार्क क्रोच्या जोडीने 'स्पेस क्वेस्ट' काढला. साधन सोपं असेल तर गोष्ट सांगता येणारी माणसं गोळा करता येतात. हे केनला कळलं, आणि त्याच्या अनेक हुशार स्पर्धकांना ते कळलं नाही.

इथं माझी आठवण घुसवतो. घरी डीबी स्पेक्ट्रम होता, पुण्यातच डेसिबल्स कंपनीने बनवलेला, टेपरेकॉर्डरला जोडायचा. 'किंग्ज क्वेस्ट' त्यावर चालत नसे. तो पहिल्यांदा बघितला नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला, वडिलांच्या ओळखीच्यांच्या ऑफिसात, रविवारी. फ्लॉपी अर्थातच कुणाची तरी कॉपी. आज्ञा इंग्रजीत टाइप करायच्या. मराठी शाळेतली आम्ही पोरं, 'लूक' आणि 'ओपन डोअर'च्या पुढे अडलो की डिक्शनरी. माझं निम्मं इंग्रजी तर्खडकरांकडून आणि निम्मं सिएराकडून आलंय. त्याच मशीनवर ॲल लोवचा 'लेझर सूट लॅरी'ही होता, १९८७ चा, मोठ्यांसाठीचा. सुरू करण्याआधी तो खेळ वय तपासायला प्रश्न विचारायचा, आणि प्रश्न सगळे अमेरिकन टीव्ही आणि राजकारणातले. आमच्यातल्या एकाच्या काकांना बोलावलं, वय वर्षं पंचेचाळीस. तेही नापास! शेवटी कुणीतरी ऑल्ट आणि एक्स दाबायची युक्ती शोधली.

१९८८ मध्ये सिएरा शेअर बाजारात आली. त्याच वर्षीचा 'किंग्ज क्वेस्ट फोर' मला महत्त्वाचा वाटतो, कारण तोवर बहुतेक पीसींना आवाज म्हणजे टँव-टँव करणारा स्पीकर. केनने ठरवलं, साउंड कार्डसाठी संगीत लिहून घ्यायचं. कार्ड कुणाकडे नव्हती म्हणून खेळ कुणी तसे काढत नव्हतं, खेळ नव्हते म्हणून कार्ड कुणी घेत नव्हतं. केनने टीव्ही-चित्रपटांचा संगीतकार विल्यम गोल्डस्टीनला घेतलं आणि ॲडलिब आणि रोलंडची कार्ड स्वतःच्याच कॅटलॉगमधून विकायला सुरुवात केली. गाडीवर माल घालून दुकानं पालथी घालणारा जुना केन मला इथं परत दिसतो. मासिक, हिंट बुक, फोनवर पैसे घेऊन मिळणाऱ्या खुणा, सगळं त्याने स्वतःच्या हातात ठेवलं होतं.

नंतरची सात-आठ वर्षं भरभर सांगतो, कारण ती मोठेपणाची आहेत आणि मोठेपणात शिकण्यासारखं कमी असतं. डायनॅमिक्स ही गेम कंपनी विकत घेतली, फ्रान्सची कॉक्टेलही विकत घेतली. १९९१ मध्ये सिएरा नेटवर्क काढलं. मोडेमवरून एकमेकांशी पत्ते, बुद्धिबळ आणि तलवारबाजी. काळाच्या पुढे होतं पण पैसे खात होतं, म्हणून एटी अँड टी या टेलिफोन कंपनीला देऊन टाकलं. १९९३ मध्ये मुख्यालय डोंगरातून उठून सिॲटलजवळच्या बेलव्ह्यूला गेलं. १९९५ मध्ये रोबर्टाचा 'फँटासमागोरिया' सात सीडींवर आला, खऱ्या नटांसह.

यात एक प्रसंग मात्र थांबून बघावा. १९९२ च्या सुमारास आयडी सॉफ्टवेअरची चार-पाच पोरं ओकहर्स्टला आली. हातात 'वुल्फेनस्टाइन थ्री-डी'. जॉन रोमेरोने नंतर सांगितलंय की केनने त्यांना विकत घ्यायची तयारी दाखवली, २५ लाख डॉलर, सिएराच्या शेअरमध्ये. पोरं म्हणाली, ठीक, पण त्यातले एक लाख रोख द्या. केन रोख द्यायला तयार झाला नाही, आणि बोलणं तिथंच मोडलं. पुढच्याच वर्षी त्या पोरांनी 'डूम' काढला. आता म्हणणारे म्हणतात, केनने केवढी संधी घालवली. मी त्या टेबलाच्या दुसऱ्या बाजूने बघतो. त्या पोरांनी एक साधा प्रश्न विचारला होता, तुमच्या शेअरच्या कागदावर तुमचा स्वतःचा इतका विश्वास आहे, तर थोडी नोट का निघत नाही? केन पुढे असाच कागद घ्यायला बसला तेव्हा हा प्रश्न त्याने समोरच्याला विचारला नाही.

समोर होती सीयूसी इंटरनॅशनल. धंदा काय, तर फोन आणि पत्रांवरून सवलतीच्या क्लबांची सभासदत्वं विकणं. तिचा प्रमुख वॉल्टर फोर्ब्स काही वर्षं सिएराच्या संचालक मंडळावर होता, म्हणजे ओळखीचा, विश्वासातला. १९९६ मध्ये त्याने सिएरा मागितली, चालू बाजारभावापेक्षा बऱ्याच चढ्या भावाने, एकूण सुमारे १.०६ अब्ज डॉलरला. सगळं सीयूसीच्या शेअरमध्ये. शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीच्या प्रमुखाला असा भाव नाकारणं सोपं नसतं, भागधारक विचारतात. केनने होकार दिला. सीयूसीने त्याच सुमारास बॉब डेव्हिडसनची डेव्हिडसन ही सॉफ्टवेअर कंपनीही घेतली, ब्लिझर्ड हा गेम स्टुडिओ तिच्याच पोटात होता. सॉफ्टवेअरच्या कारभाराची सूत्रं बॉब डेव्हिडसनकडे गेली, आणि केनला कळलं की आपण आता मालक राहिलो नाही. १९९७ च्या अखेरीस तो बाहेर पडला.

डिसेंबर १९९७ मध्ये सीयूसी आणि हॉटेलवाल्या एचएफएसचं विलीनीकरण होऊन सेंडंट झाली. एप्रिल १९९८ मध्ये सेंडंटने जाहीर केलं की सीयूसीच्या जुन्या हिशेबात गडबड आहे. दुसऱ्या दिवशी शेअर जवळजवळ निम्म्यावर आला, सुमारे १४ अब्ज डॉलर एका दिवसात हवेत. तपासात निघालं की सीयूसीने वर्षानुवर्षं खोटा महसूल दाखवला होता, आणि कंपन्या विकत घेताना विलीनीकरणाच्या नावाने काढून ठेवलेल्या राखीव रकमा नंतर नफ्यात वळवल्या होत्या. म्हणजे नव्या कंपन्या गिळत राहणं ही त्या हिशेबातलं भोक बुजवायची सोय होती. फोर्ब्सला पुढे बारा वर्षं सात महिन्यांची शिक्षा झाली. ज्या कर्मचाऱ्यांनी आपले सिएराचे शेअर बदलून मिळालेला कागद जपून ठेवला होता, त्यांचं काय झालं असेल ते तुम्हीच बघा.

१९९८ च्या अखेरीस सेंडंटने सॉफ्टवेअरचा विभाग फ्रान्सच्या हवासला विकला. त्याच नोव्हेंबरात सिएराच्या नावाने 'हाफ-लाइफ' बाजारात आला आणि गाजला, पण बनवणारे व्हॉल्व्हचे, केनचा त्यात हात नाही. २२ फेब्रुवारी १९९९, सोमवार. ओकहर्स्टच्या स्टुडिओतल्या शंभरावर लोकांना एका सकाळी घरी पाठवलं आणि दार बंद केलं. 

आता तुमच्याकडे वळतो. आधी मी स्वतः काय मोजून शिकलो ते सांगतो. जावा फोनांच्या जमान्यात आमची सहा जणांची टीम एका कंपनीने घेतली. तीस टक्के रोख, बाकी शेअर, दोन वर्षांचं लॉक-इन, म्हणजे तोवर ते शेअर विकायचे नाहीत. लॉक-इन संपलं तेव्हा त्या शेअरला गिऱ्हाईक नव्हतं. त्याचं मला फार वाईट वाटलं नाही. वाईट वाटलं ते दुसऱ्याच गोष्टीचं. आमचं इंजिन, म्हणजे गेम चालवणारा मूळ कोडही आम्ही त्या करारात देऊन टाकलं होतं, त्यामुळे बाहेर पडल्यावर स्वतःचाच गेम नव्या फोनवर आणायला आम्हाला परवानगी मागावी लागली, आणि ती मिळाली नाही.

म्हणून तुमच्या ऑफरमध्ये मी आधी किंमत बघणार नाही. तुम्ही लिहिलंय की संवादांचं आणि नकाशांचं एडिटर तुम्ही स्वतः बनवलंय. ती तुमची एजीआय. ती विकू नका, वापरायचा परवाना द्या. गेमचे हक्क द्यायचे झाले तर इतक्या वर्षांत दुसरा भाग काढला नाही तर हक्क परत, असं कलम घाला. ते नाकारत असतील तर कारण विचारा आणि लिहून घ्या. शेअर कितीही द्या म्हणावं, पण रोख भाग एवढा हवा की शेअर शून्य झाले तरी सौदा तुम्हाला परवडला पाहिजे. शेअर नोंदलेले आहेत की खाजगी कंपनीचे? खाजगी असतील तर ते विकायचे कुणाला, कधी, कुठल्या भावाने, हे करारात नसेल तर त्यांचा भाव तुम्ही शून्यच धरा. आणि सीएला भेटा. शेअरच्या बदल्यात शेअर घेतले तरी भांडवली नफ्याचा कर लागू शकतो, तोही हातात रोकड नसताना. त्यांचे गेल्या तीन वर्षांचे ताळेबंद मागा. नफा धंद्यातून येतोय की दरवर्षी कुणाला तरी विकत घेतल्यामुळे दिसतोय, एवढं सीएकडून वाचून घ्या.

'विकूच नका' असं माझं म्हणणं नाही. केनने विकलं नसतं तर बरं झालं असतं का, तेही तितकं सोपं नाही. साहसकथांचा बाजार नव्वदच्या शेवटी आक्रसतच होता. ती दोघं पुढे बोट घेऊन समुद्र पालथे घालत सुखाने राहिली. आणि कोविडच्या काळात घरी बसल्यावर परत तोच पहिला 'कोलॉसल केव्ह' उघडला, त्याचा थ्री-डी खेळ केला, जानेवारी २०२३ मध्ये स्वतःच्याच छोट्या कंपनीतून बाजारात आणला. फार खपला नाही. पण या वेळी वर कुणी बसलेलं नव्हतं.

एक राहिलं. सीयूसीच्या व्यवहाराला रोबर्टाचं मन तयार नव्हतं, असं नंतरच्या मुलाखतींत आलंय. तुमच्या एवढ्या लांब प्रश्नात ताईंना काय वाटतं ते कुठंच नाही. करार मला पाठवण्याआधी, नावं खोडून पाठवा हं, तो त्यांना वाचायला द्या. त्या जिथं अडतील तिथं पेन्सिलने खूण करू द्या. मी खुणांपासूनच वाचायला घेतो.